आमची स्वप्ना सोशीक

१ डिसेंबर

स्वप्ना आली. राजरत्नने साताऱ्याहून स्वतः गाडी चालवत आणून सोडली. जावई बँकेत कारकून आहे आणि गाडी इतकी जपून चालवतो की कराडच्या पुढे उसाचे ट्रॅक्टरसुद्धा याला मागे टाकून जात असतील. आठवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणे आली. घर दोन दिवसांपासून धुऊन-पुसून तयार होतं. आमच्या फौजी साहेबांनी, म्हणजे निवृत्त हवालदार जालिंदर होवाळ यांनी, लेकीसाठी खाट नव्याने विणून घेतली आणि दिवसभर त्या खाटेचीच टेहळणी केली.

उतरली ती नवऱ्याच्या चपला पायात घालून. स्वतःच्या पायात शिरेनात म्हणाली. मला हसूच आलं. इतका वेळ गाडीत पाय लोंबकळत ठेवले की सुजायचेच.

जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून ही डायरी लिहिते. जन्मभर पोरांचं लिहिलेलं तपासलं, आता माझं लिहिलेलं कोणी तपासणार नाही याचं बरं वाटतं. तर लिहून ठेवते: पहिलं नातवंड येणार आहे आणि मला इतका आनंद झालाय की दुपारी चहात साखर घालायची विसरले.

सरकारी दवाखान्यात न्यायचं नाही हे मी केव्हाच ठरवलंय. सांगलीतल्या नावाजलेल्या प्रसूतिगृहात नाव घालणार. प्राध्यापकांच्या बायका, बागायतदारांच्या सुना तिथं बाळंत होतात. हे म्हणाले, "तितं आपलं कोण हाय?" मी म्हटलं, दवाखान्यात काय सोयरीक लागते? माझी आई इथंच माधवनगरला गिरणीच्या चाळीत आठ वेळा बाळंत झाली. एकदाही तोंडातून आवाज काढला नाही, असं शेजारणी अजून सांगतात. त्यातले आम्ही चौघे जगलो. त्या बाईची नात आता चांगल्या ठिकाणी, स्वच्छ खोलीत बाळंत होईल.

५ डिसेंबर

नाव घातलं. जाण्याआधी स्वप्नाला समोर बसवून नीट सांगितलं. तिथं हाय-न्हाई बोलायचं नाही. नंबर येईपर्यंत उठून विचारायचं नाही. दुखलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. आपल्यातलं एक माणूस चुकलं की लोक सगळ्या वस्तीला नावं ठेवतात. मी नोकरीची सगळी वर्षं याच धोरणावर काढली. शाळेत पाण्याच्या माठापाशी काय काय घडलं ते मी घरी कधी सांगितलं नाही आणि शाळेत कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. शेवटी निरोप समारंभाला त्याच लोकांनी मला शाल घातली. स्वप्ना हसून म्हणाली, "आई, मी तपासायला चाललेय, इन्स्पेक्शनला नाही."

प्रसूतिगृह फार छान आहे. फरशी इतकी स्वच्छ की चप्पल बाहेर काढताना बरं वाटतं. थोरल्या सिस्टर आहेत, जरा कडक, पण कामाला वाघ. त्यांनी आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काही काळजी नाही. तुमच्यातल्या बायका काटक असतात. सहज मोकळ्या होतात." मला ऐकून अभिमान वाटला. खरंच आहे ते.

बीपी थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या मीठ कमी करा, तीन-चार आठवड्यांनी या. आमच्यानंतर एका पाटलांची सून होती. तिचं बीपी दोनदा पाहिलं, तिला पडायला लावून तिसऱ्यांदा पाहिलं. तिचे दिवस भरत आले असतील.

१५ डिसेंबर, रविवार

आज विहारात वंदनेनंतर क्रांतीने बायकांना थांबवून घेतलं. क्रांती म्हणजे आकाराम भंडाऱ्याची मुलगी, स्वप्नाच्या वर्गातली. समाजकार्याचं शिकली, आता बायकांच्या आरोग्याच्या कुठल्याशा संघटनेत आहे. वस्त्या-वस्त्यांवर फिरते, बाळंतपणात कोण दगावली, का दगावली ते विचारत बसते. शिकून सवरून बोलणं मात्र मुद्दाम गावंढळ ठेवलंय.

तिची शिकवायची तऱ्हा अशी की खेळ लावायचा. एक खुर्ची मांडली. खुर्चीत बसेल ती सिस्टर, समोर उभी ती पेशंट. पेशंटने आपलं दुखणं सांगायचं आणि सिस्टर कितीही फिस्कारली तरी जागचं हलायचं नाही. "माझं बीपी किती हाय? जास्त हाय का बरूबर हाय?" एवढं विचारून उत्तर घ्यायचं. बायका नुसत्या लाजत होत्या. मग स्वप्ना उठली आणि सिस्टर होऊन खुर्चीत बसली. "ए, पुढं सर. कार्ड कुठाय? मागच्या खेपेला सांगितलं होतं ना? कळत नाही का एकदा सांगितलेलं?" हुबेहूब थोरल्या सिस्टर. वर चष्मा नाकावर ओढायची त्यांची लकब. बायका हसून हसून जमिनीवर बसल्या. माझ्याही ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, पण मी आवरलं.

विहारात हा तमाशा मला पटला नाही. ज्यांच्या हातात आपला जीव द्यायचा, त्यांची नक्कल करायची? घरी आल्यावर स्वप्नाला म्हटलं, पुन्हा जायचं नाही. ती म्हणाली, "आई, किती दिवसांनी हसले मी." चुलीपुढे बसल्यासारखा तिचा चेहरा लाल झाला होता.

१९ डिसेंबर

क्रांती घरी आली. उंबऱ्यातूनच विचारलं, "काकू, स्वप्नाच्या पायाची सूज सकाळी उतरती का तशीच ऱ्हाती?" मी म्हटलं, गरोदर बाईचे पाय सुजणार नाहीत तर काय माझे सुजणार? तिने संघटनेचं बीपीचं मशीन रविवारी आणते म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. नावाजलेले डॉक्टर असताना घरात मशीन कशाला? चार बायका गोळा होतील, गवगवा होईल, साताऱ्याला व्याह्यांच्या कानावर जाईल की होवाळांच्या पोरीला काहीतरी झालंय.

मग ती बसली आणि आपल्या वहिनीचं सांगितलं. वहिनी म्हसवडकडची. बाळंत झाल्यावर सारखं सांगत होती की रक्त जातंय. "कुणी चादर वर करून बघितली न्हाई, काकू. पोरगी रडकी हाय म्हनले." मला वाईट वाटलं. पण ते खेड्यातलं होतं, लोक अडाणी होते. मी तिला चहा दिला आणि सांगितलं की प्रत्येक गोष्टीत जात शोधत बसलीस तर पोटभर जेवणसुद्धा व्हायचं नाही. ती चहा अर्धा ठेवून गेली.

२८ डिसेंबर

स्वप्नाची अंगठी निघेना. साबणाचं पाणी लावून काढली, बोटाला वळ उठला. शेजारणी म्हणतात तोंड गोल झालंय, तेज आलंय, मुलगी होणार. मला मुलगीच हवी आहे. हे मात्र जेवताना म्हणाले, "पोरीचं त्वांड सुजलंय गं." पुरुषांना यातलं काय कळतं? फौजेत कुणाला दिवस गेलेत का, म्हणून मी त्यांना गप्प केलं. स्वप्ना हसली, पण घास ताटातच ठेवला.

डोकं दुखतंय म्हणते. दिवसभर मोबाइल. साताऱ्याला राजरत्नशी बोलणं संपत नाही. फोन काढून घेतला आणि डोक्याला तेल घातलं. तेल घालताना लहानपणी बसायची तशी मांडीला टेकून बसली. मला फार बरं वाटलं.

३ जानेवारी

दवाखान्यात आज जत्रेसारखी गर्दी. नंबर यायला दुपार झाली. थोरल्या सिस्टरांनी वजन पाहिलं, कार्डावर लिहिलं आणि आत पाठवू लागल्या. स्वप्ना म्हणाली, "सिस्टर, बीपी बघायचं राहिलं." त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी पाहिलंय ना? बाहेर किती जणी उभ्या आहेत बघ." स्वप्ना हलेना. "माझं डोकं दुखतंय. मागच्या वेळी वाढलेलं होतं. बघा ना एकदा." अगदी त्या विहारातल्या खेळासारखी उभी राहिली होती. मागे रांगेतल्या बायका बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पुढे झाले. म्हटलं, "राहू द्या सिस्टर. पहिलटकरीण आहे, घाबरते." सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही समजूतदार आहात बाई." आत डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले, उत्तम आहेत म्हणाल्या. मग विषयच संपला.

रिक्षात स्वप्ना बाहेरच्या बाजूला तोंड करून बसली. मी म्हटलं, अगं, त्यांच्याशीच पुढे काम आहे आपलं. कळा सुरू झाल्यावर तिथंच जायचंय. त्या बाईचं मन दुखवून कसं चालेल? तरी तिने तोंड इकडे केलं नाही. आईचं बोलणं मुलीला आई झाल्यावरच कळतं.

९ जानेवारी

सकाळपासून स्वप्नाला पित्त झालंय. बरगडीखाली उजव्या बाजूला दुखतंय म्हणत होती. कोकम सरबत दिलं, उलटून पडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. हे अंगणात फेऱ्या मारत होते. तिला कळ आली तेव्हा बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, लय दुखतंय." मी सवयीने म्हटलं, "लय नाही, खूप." तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला पुन्हा काही सांगितलं नाही.

दुपारी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कुठल्याशा परिषदेला गेल्या होत्या. थोरल्या सिस्टर होत्या. स्वप्नाने त्यांना स्वतः सगळं सांगितलं. डोकं, डोळे, बरगडी, एकेक करून. आवाज बारीक होता पण शब्द स्पष्ट. सिस्टर म्हणाल्या, "एवढी शिकलेली मुलगी आणि किती नाटकं. अजून महिना आहे. आत्तापासून असं केलं तर कळांत काय करशील?" पित्ताचं औषध दिलं. मी सिस्टरांची माफी मागितली आणि तिला घेऊन आले.

आता पडली आहे. थोडा मऊ भात खाल्ला. हे उशाशी बसून आहेत, उठायला तयार नाहीत. चेहरा शांत दिसतो. औषध लागू पडलं असावं. आमची स्वप्ना खरंच सोशीक आहे.

२६ जानेवारी

इतके दिवस लिहिलं नाही. आजही लिहायचं नव्हतं. समोरच्या शाळेत पोरं झेंड्याचं गाणं म्हणताहेत आणि खिडकी लावली तरी ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. यांनी तिला उचललं आणि शेजारच्या जोतीरामच्या टेम्पोत घातलं. मी तिचं डोकं धरलं होतं. प्रसूतिगृहाच्या दारात थोरल्या सिस्टर आल्या, तिला पाहिलं आणि आत न घेता म्हणाल्या मोठ्या दवाखान्यात न्या, इथं सोय नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने हाताला पट्टा बांधला, आकडा बघून ओरडला आणि लगेच धावपळ सुरू झाली. नाव, गाव, आडनाव कुणी विचारलं नाही. सरकारी दवाखाना होता तो.

बाळ पोट फाडून काढलं. मुलगी. फार लहान, पण जिवंत. स्वप्नाच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. ती शुद्धीवर आलीच नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेली.

माझी मुलगी मेली. हे वाक्य मी एकदा लिहून बघायचं ठरवलं होतं. लिहिलं.

जलदान विधीला सगळी माणसं आली. प्रत्येक बाई हेच म्हणत होती की पोरगी किती सोशीक होती, शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. मी मान हलवत होते. कोपऱ्यात क्रांती उभी होती. तिने मान हलवली नाही. मला तिचा इतका राग आला की तिला बाहेर काढावंसं वाटलं. का ते अजून मला सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी

बाळाला काचेच्या पेटीतून बाहेर काढलं. राजरत्न आणि त्याची आई तिला साताऱ्याला घेऊन गेले. मी म्हटलं होतं, सहा महिने इथं ठेवा, मी सांभाळते, मला दुसरं काम काय आहे? राजरत्न कधी मोठ्याने बोलत नाही. आजही नाही बोलला. बाळाची दुपटी पिशवीत भरता भरता म्हणाला, "आई, ती मला फोनवर रोज सांगायची, डोकं दुखतंय. मी म्हणायचो, आईंना सांग. त्या शिकलेल्या आहेत." मग पिशवीची चेन लावली.

गाडी गेल्यावर मी अंगणातच बसून राहिले. हे पाणी घेऊन आले. पाणी प्यायला लावलं आणि शेजारी बसले.  त्या दिवशी जेवताना तोंड सुजलंय म्हणाले होते ते. मला वाटतं त्यांनी एकदा तरी मला बोलावं, शिव्या द्याव्यात, हात उगारावा. ते रिकाम्या खाटेवर चादर नीट करतात आणि आत जातात.

१२ मार्च

क्रांती आली. मी दार उघडलं नाही. यांनी उघडलं.

तिने सांगितलं की बाळंतपणात बाई गेली की तिच्या मरणाची चौकशी समितीपुढे होते. तिथं प्रसूतिगृहाचे लोक येणार. घरच्यांनाही बोलावतात. प्रसूतिगृहाने आधीच लिहून दिलंय की पेशंटने आमच्याकडे कसलीही तक्रार केली नव्हती, घरच्यांनी उशिरा आणलं.

"ती बोलली व्हती का न्हाई, काकू? मला तेवडंच सांगा."

मी म्हटलं, दोनदा बोलली होती.

"कुणी ऐकलं?"

मी ऐकलं. दुसरं कोणीच नव्हतं. तिथे रांगेत उभ्या होत्या त्या बायका कुठल्या, कोण जाणे. क्रांती म्हणाली मग तुम्हीच साक्षीदार. मी तिला सांगितलं की मला जमणार नाही, मी आयुष्यात कधी कुणाच्या विरुद्ध तक्रार केलेली नाही. ती म्हणाली, "म्हायतीय मला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर "तुमच्यातल्या बायका काटक असतात" हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं. तुमच्यातल्या म्हणजे कुणातल्या? मी ते कौतुक म्हणून घरी येऊन यांना सांगितलं होतं. व्याह्यांना फोनवरसुद्धा सांगितलं होतं. मला स्वतःची किळस आली.

३० मार्च, रविवार

विहारात गेले. मागे भिंतीला टेकून बसले. क्रांतीचा खेळ चालू होता. खुर्चीत कुणी म्हातारी सिस्टर झाली होती, समोर एक नवी सून, पाच महिन्यांची गरोदर असेल. ती बिचारी धीर करून विचारत होती, सिस्टर ओरडत होती, बायका शिकवत होत्या की पुन्हा विचार, हलू नको. चौथ्या वेळी तिने उत्तर मिळवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, तुमचा खेळ चुकतोय. दवाखान्यात पेशंट एकटी जात नाही. तिची आई बरोबर असते, नाहीतर सासू असते. या खेळात आई कुठं आहे?

सगळ्या वळून बघायला लागल्या. क्रांती म्हणाली, "तुमी व्हता का आई?"

मी त्या सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने विचारलं, "माझं बीपी किती हाय?" म्हातारी म्हणाली, मागं बघितलंय की. सुनेने तोंड उघडलं. आणि मी म्हटलं, "राहू द्या सिस्टर. पहिलटकरीण आहे, घाबरते." कुणी शिकवायची गरज पडली नाही. ती मुलगी माझ्याकडे बघून तोंड मिटून गप्पच झाली. सिस्टर ओरडत होती तेव्हा ती गप्प झाली नव्हती. मी तशीच बाहेर आले आणि चप्पल न घालताच घरी पोचले.

क्रांतीला निरोप पाठवला की समितीपुढे येईन.

१६ एप्रिल

चौकशी समितीच्या बैठकीच्या खोलीतच बसून लिहिते आहे. काय बोलायचं ते टिपून ठेवायला डायरी पर्समध्ये आणली होती.

हे आले नाहीत. मला बघवणार नाही म्हणाले. क्रांती बरोबर आली, पण तिला बाहेर थांबवलं, नातेवाईक फक्त एकच. टेबलाच्या पलीकडे समितीची पाच माणसं, अध्यक्ष मधोमध. अलीकडे डॉक्टरीणबाई आणि थोरल्या सिस्टर. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं वजन उतरल्यासारखं वाटलं. मला त्यांची दयाही आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पेशंटने तक्रार केली नव्हती. मी म्हटलं, केली होती. तीन जानेवारीला बीपी बघा म्हणाली, नऊ तारखेला डोकं, डोळे, बरगडी सगळं सांगितलं. सिस्टर पहिल्यांदा बोलल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "यांनीच म्हटलं होतं, राहू द्या, घाबरते ती. आणि नऊ तारखेला यांनीच माझी माफी मागितली." खोटं काहीच नव्हतं त्यात.

अध्यक्ष चांगले गृहस्थ दिसतात. चष्मा काढून मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका होता. एवढ्या शिकलेल्या, समजूतदार. तुम्ही त्याच वेळी का बोलला नाहीत?"

घरून निघताना टिपून आणलेलं सगळं बाजूला राहिलं. मी म्हटलं, "साहेब, जिने बोलायला पाहिजे होतं ती बोलली होती. माझी लेक या सिस्टरांना बोलली. माझी लेक मला बोलली. यांनी ऐकलं नाही, कारण यांना वाटलं आमच्यातल्या बायकांना दुखत नाही. मी ऐकलं नाही, कारण मला यांच्या नजरेत चांगलं राहायचं होतं. आम्ही दोघींनी मिळून तिला मारलं. असंच लिहून घ्या. दोघींनी."

 सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला. लिहून घेणारा तरुण अध्यक्षांकडे बघू लागला. त्यांनी त्याला काहीतरी सांगितलं. तो लिहू लागला आणि लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मला वाचून दाखवलं: "धोक्याच्या लक्षणांकडे आपण दुर्लक्ष केल्याचे मृत महिलेच्या आईने मान्य केले."

मी म्हटलं, अर्धं राहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण समितीला एवढं पुरेसं आहे." डॉक्टरीणबाईंनी पर्स उचलली. सिस्टर जाताना माझ्या खुर्चीपाशी थबकल्या, मग डॉक्टरीणबाईंच्या मागे निघून गेल्या. पुढचं प्रकरण पुकारलं. कवठ्याकडचा कुणी नवरा होता, हातात टोपी. त्याचं दहा मिनिटांत आटोपलं. मी खुर्ची मागे भिंतीपाशी ओढून बसून राहिले. आणखी दोन प्रकरणं झाली. चहा आला, मलाही दिला. बैठक संपली, सगळे उठले. अध्यक्ष जाताना म्हणाले, "आता घरी जा बाई, विश्रांती घ्या." मी सांगितलं, उरलेलं अर्धं लिहून घ्या, मग जाते. ते फाइल काखेत घेऊन गेले.

पंखे बंद झालेत. क्रांती दारात येऊन उभी आहे, आत येऊ का विचारते आहे. शिपाई दोनदा येऊन गेला. आता तिसऱ्यांदा आलाय, हातात किल्ल्या आहेत. म्हणतो, "आवं बाई, उठा की आता. कुलूप लावायचं हाय."

मी म्हटलं, लावा.